भारतातील आयात मोटारगाड्यांची किंमत

परदेशात पूर्णपणे तयार होऊन भारतात येणाऱ्या मोटारगाडीची किंमत मूळ देशातील किमतीपेक्षा बरीच अधिक असते. सीमाशुल्क, वस्तू व सेवा कर आणि राज्याचा वाहन कर हे तिन्ही एकावर एक आकारले जातात, हे त्याचे मुख्य कारण होय. महाराष्ट्रात, आणि त्यामुळे नागपुरातही, आयात गाडीवर वाहन कराचा दर देशी गाडीपेक्षा अधिक आहे.

== पार्श्वभूमी ==
जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईतील शिवडी येथे सुटे भाग आणून गाड्या जोडण्याचा कारखाना सुरू केला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून देशात भाग बनविण्याचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना वाव राहिला नाही. जनरल मोटर्सने पुढील वर्षी कारखाना बंद केला. १९९१ नंतर उद्योग खुला झाला व २००१ मध्ये आयातीवरील संख्यात्मक निर्बंध उठले. त्यानंतर देशी उद्योगाच्या संरक्षणाचे मुख्य साधन उच्च सीमाशुल्क हेच उरले.

== कराची रचना ==
सीमाशुल्क गाडीची किंमत, विमा आणि वाहतूक भाडे यांच्या बेरजेवर आकारले जाते. २०२५ च्या अर्थसंकल्पानुसार ४०,००० डॉलरपेक्षा अधिक मूल्याच्या गाडीवर ७० टक्के मूळ सीमाशुल्क आणि ४० टक्के कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर, असा एकूण ११० टक्के भार येतो. या वाढीव रकमेवर एकात्मिक वस्तू व सेवा कर लागतो. सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांसाठी त्याचा दर ४० टक्के, तर विद्युत गाड्यांसाठी ५ टक्के आहे.

अशा मोठ्या गाडीचे आयात मूल्य १०० रुपये मानल्यास सीमाशुल्कानंतर ते २१० रुपये होते. त्यावर ४० टक्क्यांप्रमाणे ८४ रुपये कर धरता रक्कम २९४ रुपये होते. विक्रेत्याचा नफा, विमा व नोंदणी यांचा खर्च याहून वेगळा असतो.

== सुटे भाग आणून जोडणी ==
इंजिन व गिअरबॉक्स आधी न जोडता सर्व भाग सुटे आणल्यास मूळ सीमाशुल्क १५ टक्के लागते. त्यामुळे अनेक परदेशी कंपन्या भारतातच जोडणी करतात. मर्सिडीज-बेंझचा कारखाना पुण्याजवळील चाकण येथे, तर स्कोडाचा छत्रपती संभाजीनगरजवळील शेंद्रा येथे आहे. परदेशी नाव असलेली प्रत्येक गाडी आयात केलेली असतेच असे नाही.

== महाराष्ट्र आणि नागपूर ==
महाराष्ट्रात वैयक्तिक पेट्रोल गाडीवर किमतीनुसार ११ ते १३ टक्के, तर डिझेल गाडीवर १३ ते १५ टक्के एकरकमी वाहन कर आहे. आयात गाडीसाठी हा दर २० टक्के आहे. या कराची कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाख रुपये करण्यात आली. नागपुरात नोंदणी एमएच-३१ (शहर), एमएच-४९ (पूर्व) व एमएच-४० (ग्रामीण) या क्रमांकांखाली होते.

समुद्रकिनाऱ्यापासून दूर असल्याने नागपूरला येणारी गाडी न्हावा शेवासारख्या बंदरातून आणावी लागते. पूर्वी शहराच्या सीमेवर जकातही भरावी लागे. २०१३ मध्ये तिची जागा स्थानिक संस्था कराने घेतली आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला.

== परिणाम व मतभेद ==
उच्च शुल्कामुळे देशात कारखाने व रोजगार निर्माण झाले, असे समर्थक मानतात. ग्राहकाला निवड कमी मिळते व किंमत अधिक द्यावी लागते, अशी टीकाकारांची भूमिका आहे. टेस्लाने जुलै २०२५ मध्ये मुंबईत मॉडेल वाय ही आयात गाडी सुमारे ६० लाख रुपयांपासून विक्रीस आणली. अमेरिकेत तिची सुरुवातीची किंमत तेव्हा सुमारे ४५,००० डॉलर, म्हणजे ३८ लाख रुपयांच्या आसपास होती. त्याच महिन्यात ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात ठरावीक संख्येच्या मर्यादेत मोटारींवरील शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत आणण्याची तरतूद आहे.