काँग्रेस गवताची कुळकथा

पाऊस पडला की आपल्या गुलबर्ग्यात रिकाम्या प्लॉटवर, रस्त्याकडेला, तुरीच्या बांधावर बारीक पांढऱ्या फुलांचं रान माजतं. पुस्तकात त्याला गाजरगवत म्हणतात, आपल्याकडे सगळे काँग्रेसच म्हणतात. कन्नडातसुद्धा तेच नाव.

नावाची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलोय. अमेरिकेच्या पी.एल. ४८०च्या गव्हातून बी आलं, राज्य काँग्रेसचं, म्हणून हे नाव. कुणी म्हणतं, फुलं गांधी टोपीसारखी पांढरी म्हणून. पण तारखा लावून बघा. पुण्यात हे गवत १९५५च्या सुमारास नजरेस आलं आणि पी.एल. ४८०चा भारताशी पहिला करार झाला ऑगस्ट १९५६मध्ये. अमेरिकेचा कर्जाऊ गहू मात्र १९५१पासूनच येत होता. म्हणजे बी गव्हातून आलं असेलही, पण दोष त्या एका करारावर टाकता येत नाही.

१९५६लाच, १ नोव्हेंबरला, आपला जिल्हा हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. माणसांच्या सीमा बदलल्या, गवताला कसली सीमा! १९७५मध्ये कर्नाटकानं ते कायद्यानं घातक तण ठरवलं. १९८४मध्ये बंगळूरला ते खाणारे मेक्सिकन भुंगे सोडले. तरी गवत आहेच, कारण एकेका झाडाला हजारो बिया.

आणि ते उपटतं कोण? खुरपणीच्या बाया, उघड्या हातांनी. पुन्हापुन्हा हात लागून एकदा अंगाला बाधलं की मानेवर, पापण्यांवर, कोपराच्या खळगीत खाज आणि चट्टे उठतात, उन्हात वाढतात. परागांनी शिंका, दमा. कित्येकींना उन्हाचा उबाळा वाटून त्या वर्षानुवर्षं अंगावर काढतात.

म्हणून एवढं पाळा. फूल येण्याआधी, पाऊस पडून माती मऊ असताना, मुळासकट उपटा. हातमोजे नसतील तर हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधा. पूर्ण बाह्या, नाकातोंडाला फडकं. नंतर साबणानं हातपाय धुवा, कपडे वेगळे धुवा. दमेकऱ्यांना आणि लेकरांना लांब ठेवा. फुललेलं झाड खताच्या खड्ड्यात टाकू नका, बी तिथंही जगतं. मोकळ्या जागी टाकळा पेरला तर तो याला दाबतो.

गवत कुणी आणलं हा वाद चालू राहू द्या. कामाला आक्काला बोलावलं तर मजुरीबरोबर हातमोजेही द्या, एवढंच सांगणं.