अतिविभेदी अनुस्फुरण सूक्ष्मदर्शन

अतिविभेदी अनुस्फुरण सूक्ष्मदर्शन : दृश्य प्रकाश व नेहमीची भिंगे यांचाच अवलंब करून, प्रकाशाच्या विवर्तनाने घालून दिलेल्या मर्यादेच्या पुष्कळ खालचा, म्हणजे काही दशक नॅनोमीटरांपर्यंतचा (१ नॅनोमीटर = १ मीटरचा अब्जावा भाग) तपशील पेशीमध्ये पाहण्याच्या पद्धतींस मिळून ही संज्ञा आहे. या पद्धतींच्या विकासाबद्दल एरिक बेटझिग, श्टेफान हेल व विल्यम मोर्नर यांस २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

मर्यादेचे स्वरूप : जर्मनीतील येना येथे कार्ल झाइस यांच्या कारखान्यात सूक्ष्मदर्शकांच्या रचनेस शास्त्रीय पाया घालून देणारे एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये असे दाखवून दिले की, प्रकाश तरंगरूप असल्यामुळे भिंग कितीही निर्दोष घडविले तरी बिंदूची प्रतिमा बिंदुरूप न उमटता तिचा डाग होतो, आणि तरंगलांबीस भिंगाच्या संख्यात्मक द्वारकाच्या (भिंगात शिरणाऱ्या किरणशंकूच्या मापाच्या) दुपटीने भागून येणाऱ्या अंतराहून जवळ असलेले दोन बिंदू वेगळे ओळखता येत नाहीत. दृश्य प्रकाशाकरिता हे अंतर सुमारे २०० नॅनोमीटर भरते. भिंगाच्या अक्षाच्या दिशेने तर ते ५०० नॅनोमीटरांच्या घरात जाते. जीवाणूची आकृती या हद्दीत बसते. परंतु चेतापेशींच्या संधिस्थानी असणाऱ्या सुमारे ४० नॅनोमीटर व्यासाच्या पुटिका किंवा प्रथिनांची जुळणी तिच्याबाहेर राहते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हा तपशील दाखवितो खरा, पण त्यासाठी नमुना निर्वात जागेत ठेवावा लागत असल्याने जिवंत पेशीचे व्यवहार त्याच्या कक्षेत येत नाहीत.

मूलतत्त्व : अनुस्फुरक रेणू आखूड तरंगलांबीचा प्रकाश शोषून काही नॅनोसेकंदांत अधिक लांबीचा प्रकाश बाहेर टाकतो. असा रंजक किंवा जेलीफिशपासून मिळालेले हिरवे अनुस्फुरक प्रथिन पेशीतील इष्ट प्रथिनास जोडले म्हणजे तेवढेच प्रथिन काळ्या पार्श्वभूमीवर उजळून दिसते. आबे यांचा नियम आजही अबाधित आहे व कोणत्याही भिंगाने तो मोडलेला नाही. मात्र शेजारचे दोन रेणू एकाच वेळी प्रकाशतात म्हणूनच त्यांचे डाग परस्परांत मिसळतात, ही गोष्ट ध्यानी घेऊन, एक रेणू प्रकाशित असताना त्याचा शेजारी अप्रकाशित राहील अशी तजवीज केली की विभेदनाचे काम भिंगाऐवजी रेणूच्या अवस्थेवर सोपविता येते. दीपमाळेवरचे सर्व दिवे दुरून एकच उजेड भासतात, पण एकेक दिवा लावून त्याची जागा टिपत गेल्यास सगळी मांडणी कागदावर उतरविता येते, त्यातलाच हा प्रकार आहे. या एका विचारातून पुढील दोन प्रमुख पद्धती निघाल्या.

उद्दीपित उत्सर्जनाने क्षीणन (स्टेड) : फिनलंडमधील तुर्कू येथे काम करीत असताना हेल यांनी यान विखमान यांच्यासह १९९४ मध्ये ही कल्पना प्रसिद्ध केली. प्रथम एका लेसर झोताने ठिपक्याएवढ्या क्षेत्रातील रेणू उत्तेजित करावयाचे. लगेच त्यांवर अधिक तरंगलांबीचा, कड्याच्या आकाराचा व मध्यभागी शून्य तीव्रतेचा दुसरा झोत टाकावयाचा. कड्याखाली सापडलेल्या रेणूंची ऊर्जा उद्दीपित उत्सर्जनाच्या रूपाने काढून घेतली जाते व ते अनुस्फुरण करण्यापूर्वीच शांत होतात. केवळ मध्यातील इवल्या जागेतले रेणू प्रकाशत राहतात. दुसऱ्या झोताची तीव्रता वाढवावी तसतशी ही जागा आकसत जाते, आणि झोतांची ही जोडी नमुन्यावरून रेषेमागून रेषा फिरविली असता चित्र तयार होते. हेल यांच्या गटाने २००० मध्ये ही पद्धत प्रयोगाने सिद्ध केली, व २००८ मध्ये गोटिंगेन येथे जिवंत चेतापेशीतील पुटिकांची हालचाल सेकंदास २८ चित्रे या वेगाने टिपली.

एकरेणू स्थाननिश्चिती : कॅलिफोर्नियातील आयबीएमच्या प्रयोगशाळेत मोर्नर यांनी लोथार काडोर यांच्यासह १९८९ मध्ये घन पदार्थातील एकट्या रेणूचे प्रकाशशोषण प्रथम मोजले, आणि १९९७ मध्ये हिरव्या अनुस्फुरक प्रथिनाचे रेणू प्रकाशाच्या साहाय्याने विझविता व पुन्हा चेतविता येतात हे दाखविले. एकट्या रेणूचा डाग रुंद असला तरी त्याचा मध्य त्याहून फार काटेकोरपणे काढता येतो, आणि गोळा झालेल्या फोटॉनांच्या संख्येच्या वर्गमूळाच्या प्रमाणात त्यातील अनिश्चितता घटते. १०० फोटॉन मिळाले तर ती साधारण दहा पटींनी कमी होते. बेल प्रयोगशाळेत काम केलेल्या बेटझिग यांनी १९९५ मध्ये या तत्त्वावरील योजना मांडली व पुढे काही वर्षे वडिलांच्या यंत्रनिर्मितीच्या व्यवसायात घालवून, हॅरल्ड हेस यांच्या ला होया येथील घराच्या दिवाणखान्यात त्यांच्या सहकार्याने उपकरण उभारले. जेनिफर लिपिनकॉट-श्वार्ट्झ यांच्या गटाकडील प्रकाशाने चेतविता येणारी प्रथिने त्यांना उपयोगी पडली. मंद जांभळ्या प्रकाशाने मोजकेच, विरळ विखुरलेले रेणू चेतवावे, ते कायमचे विझेपर्यंत त्यांचे मध्य नोंदवावे, मग पुढचे रेणू घ्यावे, आणि अशा हजारो चित्रांतील नोंदी एकत्र मांडाव्या, अशी या ‘पाम’ पद्धतीची रीत २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी हार्वर्ड विद्यापीठातील शियाओवेई झुआंग यांच्या गटाने रंजकांच्या जोड्या वापरणारी ‘स्टॉर्म’ ही पद्धत मांडली.

उपयोग : या साधनांचे मोल एका उदाहरणावरून स्पष्ट होते. चेतापेशीच्या अक्षतंतूत ॲक्टिन प्रथिनाची कडी सुमारे १८० ते १९० नॅनोमीटर अंतराने, शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे नियमित बसविलेली असतात. हे अंतर आबे यांच्या हद्दीच्या किंचित बाहेर पडत असल्यामुळे इतकी सुबक व सर्वत्र आढळणारी रचना २०१३ मध्ये झुआंग यांच्या गटाने दाखवीपर्यंत सामान्य प्रकाश सूक्ष्मदर्शकास अज्ञात राहिली. पेशीच्या शरीरविज्ञानात असे कित्येक तपशील केवळ थोडक्यासाठी निरीक्षकाच्या दृष्टीआड राहिले असावेत, आणि ते उजेडात आणण्याची ही संधी जीवशास्त्रास मिळालेले फार मोठे देणे मानले पाहिजे.

मर्यादा व पुढील दिशा : स्टेडमधील तीव्र प्रकाशाने रंजक झिजतो व पेशीस इजा पोहोचू शकते; स्थाननिश्चितीच्या पद्धतीत हजारो चित्रे घ्यावी लागत असल्याने शीघ्र हालचाली निसटतात, आणि रंजक विरळ बसला तर अखंड तंतूही तुटक ठिपक्यांचा दिसतो. याहून महत्त्वाची बाब अशी की, निरीक्षक पाहतो तो रंजक असतो, प्रथिन नव्हे. रंजक वाहून नेणारे प्रतिपिंड स्वतःच सुमारे १० नॅनोमीटर लांबीचे असल्याने तेवढा फरक चित्रात आपोआप शिरतो. हेल यांच्या गटाने २०१६ मध्ये मांडलेल्या ‘मिनफ्लक्स’ पद्धतीत कड्याच्या आकाराच्या झोताच्या अंधाऱ्या मध्यावरून एकाच रेणूचा ठाव घेऊन स्थाननिश्चितीची अचूकता १ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे रेणूच्याच आकारापर्यंत, आणली आहे. त्यामुळे लहान, टिकाऊ व प्रथिनास घट्ट बिलगणाऱ्या रंजकांची निर्मिती ही या विद्येची आजची मुख्य गरज ठरते, आणि तिची पूर्तता प्रकाशशास्त्राइतकीच रसायनशास्त्रावर अवलंबून आहे.