लिपोप्रोटीन-ए : साठ वर्षांचा मापाचा घोळ

1963 साली ऑस्लोत कोरे बर्ग यांनी जे शोधलं, ते हृदयविकाराचं कारण म्हणून शोधलेलं नव्हतं. माणसामाणसांच्या रक्तात जन्मजात फरक कोणते असतात, हा त्यांचा विषय. ए, बी, ओ हे रक्तगट तांबड्या पेशींवरून ठरतात. तसेच गट रक्तद्रवात कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या कणांचेही असतील का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्यासाठी माणसाच्या रक्तातलं बीटा-लिपोप्रोटीन, म्हणजे आजच्या भाषेत एलडीएल, त्यांनी सशांना टोचलं आणि सशांच्या शरीरात त्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं मिळवली. मग अगारच्या जेलच्या थरात खळगे पाडायचे, एकात सशाचा रक्तद्रव, शेजारच्यांत वेगवेगळ्या माणसांचे रक्तद्रव. दोन्हीकडचे द्रव झिरपत एकमेकांना भेटतात आणि प्रतिपिंडांना ओळख पटली तर तिथे बारीक पांढरी रेघ उमटते. साधारण तीनांतल्या एका माणसाच्या बाबतीत ती उमटली. बर्ग यांनी या गुणाला ‘एलपी-ए’ म्हटलं आणि तो आई-बापांकडून मुलांत उतरतो हेही दाखवलं. शोध खरा होता, त्याचं पहिलं माप मात्र फसवं. हा पदार्थ, म्हणजे लिपोप्रोटीन-ए, जवळपास प्रत्येकाच्या रक्तात असतो. रेघ दिसायची ती फक्त ज्यांच्यात तो भरपूर आहे त्यांच्या बाबतीत. ‘आहे’ की ‘नाही’ असा जो प्रश्न वाटला होता, तो मुळात ‘किती’ असा होता.

लिपोप्रोटीन-एच्या चाचणीला दवाखान्यापर्यंत पोचायला इतकी वर्षं का लागली, याचं एक तयार उत्तर दिलं जातं: त्यावर औषधच नव्हतं, मग तपासून उपयोग काय? हे उत्तर सोयीचं आहे, पण पुरेसं नाही. माझ्या मते या विलंबाचं मोठं कारण औषध नव्हे, माप आहे. डॉक्टरांच्या हाती भरवशाचा आकडाच येत नव्हता.

धोक्याची चाहूल तशी लवकर लागली होती. स्वीडनमध्ये गोस्ता डालेन यांना हृदयरोग्यांच्या रक्तात लिपोप्रोटीनचा एक वेगळा पट्टा दिसला, तो बर्ग यांचाच पदार्थ निघाला, आणि 1974 साली बर्ग, डालेन व फ्रिक यांनी त्याचा हृदयविकाराशी संबंध मांडला. घोटाळा नेमका कुठे आहे हे कळलं ते 1987 साली. त्या वर्षी या कणावरच्या खास प्रथिनाची, अपोलिपोप्रोटीन-एची, रचना उलगडली. रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या प्लास्मिनोजेनशी ती विलक्षण मिळतीजुळती होती. प्लास्मिनोजेनमध्ये क्रिंगल नावाची प्रथिनाची वेटोळी असतात. इथे त्यांतल्याच एका वेटोळ्याच्या प्रती एकापुढे एक जोडलेल्या होत्या. त्या प्रती किती, हे माणसागणिक वेगळं. कुणात मोजक्या, कुणात चाळीसच्या आसपास. इन्सब्रुकच्या गेर्ड उटरमान यांच्या गटाने त्याच काळात दाखवलं की हा आकार आनुवंशिक असतो आणि सर्वसाधारणपणे प्रथिन जितकं लहान तितके त्याचे कण रक्तात जास्त.

आता प्रयोगशाळेत काय होत होतं ते पाहा. चाचणीतली प्रतिपिंडं याच पुन्हापुन्हा येणाऱ्या वेटोळ्यांना चिकटत. स्टेशनातून किती गाड्या गेल्या हे ठरवायला डबे मोजावेत, तसा हा प्रकार. चोवीस डब्यांची एक गाडी सहा डब्यांच्या चार गाड्यांएवढी भरते. म्हणजे ज्याचं प्रथिन मोठं त्याचा आकडा फुगणार, ज्याचं लहान त्याचा खाली येणार. आणि जास्त धोका सहसा लहान प्रथिनवाल्यांनाच! चूक दोन्ही बाजूंना सारखी पसरलेली असती तर एक वेळ चाललं असतं. इथे ती नेमकी ज्यांना शोधायचं त्यांनाच लपवत होती. शिवाय प्रत्येक कंपनीच्या किटचं मानक वेगळं, त्यामुळे एकच नमुना दोन ठिकाणी दोन आकडे सांगे.

1993 साली अमेरिकेतल्या पुरुष डॉक्टरांवरच्या मोठ्या अभ्यासातून पॉल रिडकर आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष काढला की लिपोप्रोटीन-ए आणि भावी हृदयविकार यांचा संबंध दिसत नाही. या एका निबंधाने विषयातली हवाच काढून घेतली. पुढे 2006 साली रिडकर यांच्याच गटाने सुमारे 28,000 स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. या वेळी चाचणी प्रथिनाच्या आकाराने न बिघडणारी होती, आणि ही गोष्ट त्यांनी निबंधाच्या शीर्षकातच घातली. पातळी सर्वांत वरच्या टोकाला असलेल्या स्त्रियांत धोका स्पष्ट दिसला.

यावर एक रास्त आक्षेप आहे. दोष सगळा मापाचाच कशावरून? बहुतेकांची पातळी कमी, थोड्यांचीच फार जास्त, असं या पदार्थाचं वाटप आहे. सरासऱ्या ताडून पाहिल्या तर ती थोडी माणसं गर्दीत हरवणारच. शिवाय दुसऱ्या अभ्यासात पुरुष नव्हते, स्त्रिया होत्या. हे मी मान्य करतो. 1993 च्या निष्कर्षामागे एकच कारण होतं असा दावा करता येणार नाही. पण 2009 चा कोपनहेगनचा पुरावा पाहिला की तराजू कुठे झुकतो ते कळतं. पिया काम्स्ट्रप आणि सहकाऱ्यांनी 40,000 हून अधिक लोकांच्या माहितीत रक्तातल्या पातळीसोबत वेटोळ्यांच्या प्रती थेट जनुकातच मोजल्या. प्रती कमी, तिथे पातळी जास्त आणि हृदयविकाराचे झटकेही जास्त. प्रतिपिंडांच्या भानगडीला वळसा घालताच वर्षानुवर्षं डळमळणारा संबंध ठाम उभा राहिला, आणि जनुक जन्मापासूनचं असल्याने आजारामुळे पातळी वाढली असेल ही शंकाही मागे पडली.

औषधाच्या युक्तिवादाला तर तारखाच उत्तर देतात. कोलेस्टेरॉल धोकादायक आहे हे फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासाने 1961 साली सांगितलं; ते उतरवणाऱ्या स्टॅटिन औषधांतलं पहिलं अमेरिकेत 1987 साली मंजूर झालं. मधली पंचवीस वर्षं डॉक्टर कोलेस्टेरॉल तपासतच होते. कारण त्याच्या मोजणीत एकसूत्रीपणा आणायचं काम अमेरिकेत 1950 च्या दशकाच्या अखेरीलाच सरकारी पातळीवर सुरू झालं होतं. लिपोप्रोटीन-एसाठी असं सर्वमान्य संदर्भद्रव्य मिळालं ते थेट या शतकाच्या सुरुवातीला, सिएटलच्या सांतिका मार्कोव्हिना यांच्यासारख्यांनी चिकाटीने काम केल्यावर. आणि 2019 साली युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांनी प्रत्येक प्रौढाची ही चाचणी आयुष्यात निदान एकदा करावी असं सुचवलं, तेव्हाही खास लिपोप्रोटीन-ए उतरवण्यासाठी मंजूर झालेलं औषध नव्हतं. औषध नसणं तसंच राहिलं, सल्ला मात्र बदलला.

जे बदलता येत नाही ते कळून माणूस उगाच घाबरेल, असंही म्हटलं जातं. ही पातळी आहाराने, व्यायामाने फारशी हलत नाही आणि स्टॅटिननेही उतरत नाही, हे खरं. पण वय आणि घराण्यातला हृदयविकारही बदलता येत नाहीत. तरी प्रत्येक डॉक्टर ते आधी विचारतो, कारण त्यावरून रक्तदाब, साखर, तंबाखू आणि एलडीएल यांबाबत किती कडक राहायचं ते ठरतं. शिवाय एकाची पातळी जास्त निघाली की भावंडांना आणि मुलांना तपासायचं कारण मिळतं.

आपल्याकडे तर हा विषय जास्तच जवळचा. अनेक देशांतल्या हृदयरोग्यांची तुलना करणाऱ्या इंटरहार्ट अभ्यासात वाढलेल्या लिपोप्रोटीन-एचा धोका दक्षिण आशियाई लोकांत ठळक दिसला. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत ही चाचणी एकदा तरी करण्याचा सल्ला आहे. तरीही नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ती नसते, वेगळी सांगावी लागते. उलट एलडीएलचा जो आकडा रिपोर्टवर येतो त्यात लिपोप्रोटीन-एमधलं कोलेस्टेरॉल गुपचूप मिसळलेलं असतं.

मापाचा घोळ अजून पुरता मिटलेला नाही. काही प्रयोगशाळा मिलिग्रॅममध्ये कणांचं वजन देतात, काही नॅनोमोलमध्ये त्यांची संख्या, आणि कणांचा आकार माणसागणिक वेगळा असल्यामुळे एकाचं दुसऱ्यात रूपांतर करणारा पक्का गुणक नाही. 50 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आणि 125 नॅनोमोल प्रति लिटर या जास्त धोक्याच्या रेषा म्हणून सोबत छापल्या जातात, पण ती जोडी अंदाजाची आहे. तेव्हा चाचणी केलीत तर आकड्याआधी त्याच्यापुढचं एकक वाचा, आकडा नॅनोमोलमध्ये मिळत असेल तर तसाच मागा, आणि दोन लॅबचे वेगवेगळ्या एककांतले आकडे शेजारी ठेवून पातळी वाढली की उतरली हे ठरवू नका.