सरसेनापती (मराठा साम्राज्य)

सरसेनापती हे मराठा साम्राज्यातील सर्वोच्च लष्करी पद होते. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आरंभीच्या काळात या पदास 'सरनौबत' म्हणत. इ.स. १६७४ मधील राज्याभिषेकानंतर अष्टप्रधान मंडळात 'सेनापती' या नावाने त्याचा समावेश झाला. शिवकाळात हे पद कर्तृत्वावर मिळणारे आणि छत्रपतींच्या आज्ञेने काढून घेतले जाणारे होते. पुढे शाहू महाराजांच्या कारकिर्दीत ते दाभाडे घराण्याकडे वंशपरंपरेने राहिले आणि इ.स. १७३१ च्या डभईच्या लढाईनंतर केवळ मानाचे उरले.

नाव व व्युत्पत्ती

'सरनौबत' हा शब्द फारसी असून तो दख्खनच्या सुलतानांच्या लष्करातून मराठी राज्यव्यवहारात आला. 'सर' म्हणजे प्रमुख. 'नौबत' या शब्दास पहारा, पाळी तसेच राजचिन्ह म्हणून वाजणारा नगारा असे अर्थ आहेत. राज्याभिषेकाच्या सुमारास राज्यव्यवहारातील फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय देण्याचे धोरण अवलंबण्यात आले. 'राज्यव्यवहारकोश' हा ग्रंथ त्याच धोरणाचे फळ होय. पेशवा हा 'पंतप्रधान', मुजुमदार हा 'अमात्य' तसा सरनौबत हा 'सेनापती' झाला. आज रूढ असलेला 'सरसेनापती' हा शब्द फारसी 'सर' आणि संस्कृत 'सेनापती' यांच्या संयोगाने बनला आहे.

लष्करातील स्थान

शिवकाळात घोडदळ व पायदळ यांचे सरनौबत वेगवेगळे असत. पायदळाचे सरनौबत म्हणून आरंभी नूरबेग व नंतर येसाजी कंक यांची नावे आढळतात. तथापि लष्कराचा मुख्य भार घोडदळावर असल्याने घोडदळाच्या सरनौबताचे स्थान श्रेष्ठ मानले जाई आणि सेनापतिपदाची परंपरा त्याच्यापासूनच सांगितली जाते.

सभासद बखरीत घोडदळाची रचना दिलेली आहे. तीनुसार पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी आणि पाच हजाऱ्यांवर एक पंचहजारी असे. या सर्वांवर सरनौबताचा अधिकार चाले. सरकारी घोड्यावर चाकरी करणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार. हे दोन्ही सरनौबताच्या हुकमतीखाली असत. अधिकाऱ्यांना जहागिरी न देता रोख वेतन देण्याचा शिवाजी महाराजांचा कटाक्ष होता. यामुळे सेनेचा प्रमुख झाला तरी त्याच्याजवळ स्वतःचा मुलूख अथवा स्वतःची फौज नसे.

अष्टप्रधानांपैकी पंडितराव व न्यायाधीश वगळता इतर प्रधानांनाही मोहिमांवर जावे लागे. त्यामुळे लष्करी नेतृत्व एकट्या सेनापतीपुरते मर्यादित नव्हते.

शिवकाल व संभाजी महाराजांचा काळ

आरंभीच्या सरनौबतांत माणकोजी दहातोंडे यांचे नाव येते. त्यांच्यानंतर नेतोजी पालकर सरनौबत झाले. अफजलखानाच्या वधानंतर विजापूरच्या मुलखात केलेल्या चढाईत त्यांचा मोठा वाटा होता. जानेवारी १६६६ मध्ये पन्हाळ्यावरील हल्ल्याच्या वेळी ते वेळेवर पोहोचले नाहीत व तो हल्ला फसला. त्याबद्दल महाराजांनी त्यांना पदावरून दूर केले. नेतोजी प्रथम विजापूरकरांकडे व नंतर मोगलांकडे गेले. तेथे त्यांचे धर्मांतर करण्यात आले. इ.स. १६७६ मध्ये ते परत आले, तेव्हा त्यांना शुद्ध करून घेण्यात आले, परंतु सेनापतिपद त्यांना पुन्हा मिळाले नाही.

नेतोजींच्या जागी कडतोजी गुजर यांची नेमणूक होऊन त्यांना 'प्रतापराव' हा किताब मिळाला. इ.स. १६७२ च्या साल्हेरच्या लढाईत त्यांनी मोगलांविरुद्ध मोठा विजय मिळवला. पुढील वर्षी उमराणी येथे कोंडीत सापडलेल्या बहलोलखानास त्यांनी जाऊ दिले. यावरून महाराजांनी त्यांची कानउघाडणी केली. ती जिव्हारी लागून २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरी येथे प्रतापराव अवघ्या सहा स्वारांसह शत्रूवर तुटून पडले व धारातीर्थी पडले.

त्यांच्यानंतर हंसाजी मोहिते हे 'हंबीरराव' या किताबासह सेनापती झाले. राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांतील सेनापती तेच होते. ते महाराणी सोयराबाईंचे बंधू असूनही महाराजांच्या निधनानंतर त्यांनी संभाजी महाराजांचा पक्ष घेतला. इ.स. १६८१ मधील बुऱ्हाणपूरची मोहीम त्यांच्याच नेतृत्वाखाली झाली. इ.स. १६८७ मध्ये वाईजवळच्या लढाईत ते कामी आले. महाराणी ताराबाई या त्यांच्या कन्या होत. त्यांच्यानंतर सेनापती झालेले म्हाळोजी घोरपडे इ.स. १६८९ मध्ये संगमेश्वर येथे, संभाजी महाराजांच्या अटकेच्या प्रसंगी, लढताना मारले गेले.

राजाराम महाराज व ताराबाई यांचा काळ

राजाराम महाराज जिंजीस असताना राजा दूर आणि खजिना रिकामा अशी स्थिती होती. सरदारांना स्वराज्याशी बांधून ठेवण्यासाठी वतने व सरंजाम देण्याची प्रथा या काळात वाढली. जो मुलूख जिंकील तो सांभाळील, असे धोरण पडल्याने सेनापतीचे स्वरूपही बदलले. तो आता स्वतःच्या बळावर फौज पोसणारा सरदार झाला.

म्हाळोजींचे पुत्र संताजी घोरपडे यांनी इ.स. १६९५ मध्ये दोड्डेरी येथे मोगल सरदार कासिमखानाचा पराभव केला. त्यानंतर लवकरच हिंमतखानही त्यांच्याशी झालेल्या लढाईत मारला गेला. परंतु इ.स. १६९६ मध्ये राजाराम महाराजांशी बेबनाव होऊन त्यांचे सेनापतिपद गेले व ते धनाजी जाधव यांना मिळाले. दोघा सेनानींत उघड लढाई झाली आणि इ.स. १६९७ मध्ये नागोजी माने याने संताजींची हत्या केली. शत्रूशी झुंज चालू असतानाच सेनापतिपदासाठी दोन मराठा फौजा एकमेकींवर चालून गेल्या, ही घटना पदाच्या बदललेल्या स्वरूपाची द्योतक आहे.

शाहू महाराजांचा काळ व दाभाडे घराणे

इ.स. १७०७ मध्ये खेडच्या लढाईच्या वेळी धनाजी जाधव ताराबाईंचा पक्ष सोडून शाहू महाराजांना मिळाले. पुढील वर्षी त्यांचे निधन झाल्यावर पुत्र चंद्रसेन सेनापती झाले, परंतु बाळाजी विश्वनाथ यांच्याशी वैर होऊन ते इ.स. १७११ मध्ये ताराबाईंकडे व पुढे निजामाकडे गेले. सेनापतीच फौजेसह गेल्याने शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथ यांना 'सेनाकर्ते' हा किताब देऊन नवी फौज उभारण्यास सांगितले. त्यांना पेशवेपद मिळाले ते यानंतर, इ.स. १७१३ मध्ये.

मानाजी मोरे यांच्यानंतर इ.स. १७१७ मध्ये तळेगावचे खंडेराव दाभाडे सेनापती झाले. गुजरात व खानदेश हे त्यांचे मुख्य कार्यक्षेत्र होते. इ.स. १७२९ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर पद पुत्र त्रिंबकराव यांच्याकडे आले. गुजरातच्या चौथाईवरून त्यांचा व पेशवा पहिला बाजीराव यांचा संघर्ष झाला आणि १ एप्रिल १७३१ रोजी डभईजवळ बाजीरावाविरुद्ध लढताना त्रिंबकराव मारले गेले.

शाहू महाराजांनी पद दाभाड्यांकडेच ठेवून त्रिंबकरावांचे धाकटे बंधू यशवंतराव यांना सेनापती केले. कारभार मात्र मातोश्री उमाबाई दाभाडे पाहत. गुजरातेतील प्रत्यक्ष सत्ता हळूहळू त्यांचे मुतालिक गायकवाड यांच्याकडे गेली. इ.स. १७६१ च्या पानिपतच्या लढाईत मराठा फौजांचे नेतृत्व सदाशिवरावभाऊंनी केले. सेनापतीच्या घराण्याचा त्यात मुख्य वाटा नव्हता.

तत्सम पदे

नागपूरकर भोसल्यांचे 'सेनासाहेब सुभा' आणि बडोद्याच्या गायकवाडांचे 'सेना खासखेल' हे किताब सेनापतिपदाहून भिन्न आहेत. फ्रान्समधील 'कॉन्स्टेबल' या सर्वोच्च लष्करी पदाशी सेनापतिपदाची तुलना करता येते. त्या पदाधिकाऱ्याचे सामर्थ्य वाढल्याने इ.स. १६२७ मध्ये ते पदच रद्द करण्यात आले. मराठा राज्यात पद रद्द झाले नाही. ते राहिले, परंतु त्यातील अधिकार निघून गेला.

स्मृती

हंबीरराव मोहिते यांची समाधी सातारा जिल्ह्यातील तळबीड येथे आहे. नेसरी (जि. कोल्हापूर) येथे प्रतापराव गुजर व त्यांच्या सहा सहकाऱ्यांचे स्मारक आहे. कोल्हापूर राज्याचे सेनापतिपद घोरपडे घराण्याकडे होते. त्यावरून कागल तालुक्यातील कापशी हे गाव आजही 'सेनापती कापशी' या नावाने ओळखले जाते. हंबीररावांच्या जीवनावर 'सरसेनापती हंबीरराव' हा मराठी चित्रपट इ.स. २०२२ मध्ये प्रदर्शित झाला.