१७. फुप्फुसांतला उच्च रक्तदाब
गर्भात फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात. पहिल्या श्वासानंतर त्या मोकळ्या होऊ लागतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळात हे कधी कधी नीट घडत नाही, रक्त फुप्फुसांना वळसा घालून जाते. म्हणूनच परिचारिका उजव्या हाताला आणि पायाला असे दोन ऑक्सिमीटर लावते. पायाचा आकडा बराच कमी आला, तर या आजाराची शंका घ्यायची. या आजारावरच्या उपचारासाठी नायट्रिक ऑक्साईड वायूला अमेरिकेत १९९९ मध्ये मान्यता मिळाली, तीही ३४ आठवड्यांपुढच्या बाळांपुरती. तो महागडा; नसेल तिथे सिल्डेनाफिल देतात. अशा बाळाला कधी दूरच्या मोठ्या रुग्णालयात हलवावे लागते. उदाहरणार्थ, शिरूर आणि दौंड ही पुणे जिल्ह्यातली तालुक्याची गावे; दोन्हींपासून पुणे सुमारे ७० ते ८० किलोमीटर. गारठ्याने हा आजार बळावतो, त्यामुळे एवढ्या वाटेत बाळाची ऊब राखणे औषधाइतकेच मोलाचे.