बंगळुरूचा पाणीपुरवठा : बचतीचे उपाय आणि त्यांची मर्यादा

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या बंगळुरूजवळून एकही मोठी बारमाही नदी वाहत नाही. अर्कावती नदीवरील हेसरघट्टा आणि तिप्पगोंडनहळ्ळी जलाशय वाढत्या शहरासाठी अपुरे पडल्यानंतर १९७४ मध्ये कावेरी योजनेचा पहिला टप्पा सुरू झाला. तेव्हापासून शहराची मुख्य भिस्त कावेरीवर आहे. हे पाणी सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून आणि जवळपास ५०० मीटर उंचीपर्यंत उपसून आणावे लागते. त्यामुळे वाया जाणाऱ्या प्रत्येक लिटरबरोबर वीजही वाया जाते. हा पुरवठा १९६४ च्या कायद्यान्वये स्थापन झालेले बंगळुरू पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळ पाहते.

२०२४ ची टंचाई
२०२३ मध्ये मोसमी पाऊस कमी झाल्याने पुढील उन्हाळ्यात अनेक कूपनलिका आटल्या. नळजोडणी न पोहोचलेल्या उपनगरांना त्याची सर्वाधिक झळ बसली आणि तेथील रहिवासी टँकरवर विसंबून राहिले. मार्च २०२४ मध्ये मंडळाने वाहने धुणे, बागकाम, बांधकाम आणि कारंजी यांसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास मनाई केली. उल्लंघनासाठी ५,००० रुपये दंड आणि उल्लंघन सुरू राहिल्यास प्रतिदिन आणखी ५०० रुपये आकारण्याची तरतूद करण्यात आली. व्यापारी संकुले, उपाहारगृहे आणि सार्वजनिक इमारतींतील नळांना प्रवाह कमी करणारे एरेटर बसविण्याचे आदेशही देण्यात आले.

पावसाचे पाणी
२००९ मधील कायदादुरुस्तीने पर्जन्यजल संचयन सक्तीचे झाले. २,४०० चौरस फूट किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरील जुन्या इमारतींना आणि १,२०० चौरस फूट किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामांना ही सक्ती लागू झाली. यंत्रणा न बसविणाऱ्यांच्या देयकावर अधिभार लावला जातो. मात्र अधिभार भरून मोकळे होण्याची पळवाट त्यामुळे शिल्लक राहते.

सांडपाण्याचा पुनर्वापर
बांधकाम, उद्याने आणि उद्योगांसाठी प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरल्यास पिण्याचे पाणी वाचते. कोरमंगल-चल्लघट्टा खोऱ्यातील असे पाणी २०१८ पासून दुष्काळी कोलार जिल्ह्यातील तलावांत सोडले जाते. भूजल पुनर्भरण हा त्यामागील उद्देश आहे. प्रक्रियेचा दर्जा आणि त्याचा भूजलावरील परिणाम हा मात्र तेथे वादाचा विषय ठरला आहे.

पुढील आव्हान
ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा कार्यान्वित झाला. त्यातून शहरात समाविष्ट झालेल्या ११० गावांसाठी प्रतिदिन ७७५ दशलक्ष लिटर पाणी उपलब्ध करण्याचे नियोजन आहे. तथापि, कावेरीच्या पाण्यावर कर्नाटकासह तमिळनाडू, केरळ आणि पुदुच्चेरी यांचाही हक्क असल्याने शहराला नवे टप्पे अमर्याद वाढविता येणार नाहीत. जलवाहिन्यांतील गळती रोखणे, प्रत्येक जोडणीचे मापन करणे आणि टंचाईच्या काळातील निर्बंध वर्षभराच्या सवयीत उतरविणे यावरच पुढील उन्हाळ्यांची सुरक्षितता अवलंबून राहील.