रणभूमीवरील कमिशन

युद्ध चालू असताना शिपाई, नाईक किंवा हवालदार दर्जाच्या सैनिकाला लढाईतील कामगिरीवरून अधिकारीपद देण्याची पद्धत. तिची सर्वांत जास्त गरज पायदळाला भासली. कारण हल्ल्यात प्लॅटूनच्या पुढे असणारा लेफ्टनंट बहुधा आधी पडतो आणि प्रशिक्षणशाळेतून नवा अधिकारी येईपर्यंत लढाई थांबत नाही.

ब्रिटन : फेब्रुवारी १९१६ पासून अधिकारी-उमेदवारांच्या स्वतंत्र पलटणी. आघाडीवर पारखलेल्या शिपायांना तेथे सुमारे चार महिन्यांच्या शिक्षणानंतर तात्पुरते कमिशन मिळे.

अमेरिका : दुसऱ्या महायुद्धातील तपशीलवार नोंदलेले उदाहरण ऑडी मर्फी (२० जून १९२५–२८ मे १९७१) यांचे. टेक्सासमधल्या, वाट्याने शेती कसणाऱ्या गरीब घरातला हा मुलगा. अंगकाठी किरकोळ म्हणून मरीन दलाने आणि छत्रीदलाने त्याला परत पाठवले. जून १९४२ मध्ये बहिणीच्या प्रतिज्ञापत्रावर वय वाढवून तो पायदळात भरती झाला. तिसऱ्या डिव्हिजनच्या १५ व्या रेजिमेंटमधील ‘बी’ कंपनीबरोबर तो सिसिली, अँझिओ आणि दक्षिण फ्रान्स येथे लढला. १४ ऑक्टोबर १९४४ रोजी त्याच कंपनीत सेकंड लेफ्टनंट झाला. ही बाब महत्त्वाची आहे. बढती मिळालेल्याला सहसा दुसऱ्या तुकडीत धाडत, म्हणजे कालच्या सोबत्यांवर हुकूम चालवण्याचा पेच टळे. मर्फी मात्र ज्यांच्याबरोबर खंदकात राहिले होते त्यांचेच अधिकारी झाले. थोड्याच दिवसांत नेमबाजाच्या गोळीने त्यांना कमरेत जखम झाली. जानेवारीत ते परतले.

२६ जानेवारी १९४५ रोजी अल्सासमधील होल्टझ्वीर गावाजवळ सहा जर्मन रणगाडे आणि पायदळ कंपनीवर चालून आले. एकोणीस वर्षांच्या मर्फींकडे तेव्हा कंपनीची सूत्रे होती. जवानांना त्यांनी मागे झाडीत पाठवले. स्वतः पुढे थांबून टेलिफोनवरून तोफखान्याला मारा कुठे करायचा ते सांगत राहिले. शेजारची रणगाडाविरोधी तोफगाडी गोळा लागून पेटली, तिचे जवान बाहेर पडले. मर्फी त्या जळत्या गाडीवर चढले आणि तिच्यावरची मशीनगन त्यांनी सुमारे तासभर चालवली. तीन बाजूंनी मारा होत होता आणि काही जर्मन दहा यार्डांपर्यंत पोचले होते. पायदळाची साथ तुटल्यावर रणगाडे मागे सरले. पायाला जखम असूनही, दारूगोळा संपल्यावर त्यांनी कंपनी गोळा करून प्रतिहल्ला केला. या कामगिरीसाठी २ जून १९४५ रोजी साल्झबर्गजवळ त्यांना ‘मेडल ऑफ ऑनर’ देण्यात आले. सबंध युद्धात त्यांच्या हातून किती शत्रू पडले याचे आकडे निरनिराळे आहेत.

युद्धानंतर ते चित्रपटांत गाजले. भयस्वप्ने मात्र सुटली नाहीत. उशाखाली पिस्तूल ठेवून ते झोपत, झोपेच्या गोळ्यांच्या व्यसनातही सापडले. कोरिया आणि व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या मानसिक आजारांकडे सरकारने लक्ष द्यावे, असे त्यांनी उघडपणे मांडले. त्यांच्या पदकांइतकेच हेही मोलाचे आहे.

भारत : ब्रिटिश अमदानीत शिपायाची चढती वाट सुभेदार-मेजरपाशी संपे, आणि त्या हुद्द्यावरचा जुनाजाणता माणूसही कोवळ्या ब्रिटिश सेकंड लेफ्टनंटच्या हाताखाली असे. हा अन्याय होता. १९३२ मध्ये सुरू झालेल्या डेहराडूनच्या लष्करी अकादमीत सैनिकांतून आलेल्यांसाठी जागा ठेवण्यात आल्या.

कारवारजवळच्या चेंडिये गावचे रामा राघोबा राणे (१९१८–९४) पायदळाचे नव्हेत, बाँबे सॅपर्सचे (लष्करी अभियंत्यांचे). तरी पायदळाची वाट मोकळी करणाऱ्याची नोंद येथे घेणे भाग आहे. १९४० मध्ये ते शिपाई म्हणून भरती झाले, ब्रह्मदेशात लढले आणि १५ डिसेंबर १९४७ रोजी त्यांना कमिशन मिळाले. चारच महिन्यांनी काश्मीरच्या युद्धात नौशेरा-राजौरी रस्त्यावर सुरुंग काढताना तोफगोळ्यांच्या माऱ्यात त्यांचे दोन जवान ठार, तर राणे धरून पाच जखमी झाले. काम थांबले नाही. पाच चीड वृक्ष आडवे टाकून भोवती सुरुंग पेरलेला अडथळा त्यांनी मशीनगनच्या माऱ्यात हटवला. ११ एप्रिलला सतरा तास राबून चिंगसपर्यंतचा रस्ता खुला केला. रणगाड्याखाली सरपटत, दोरी ओढून चालकाला खुणा केल्याचेही वृत्तांतांत येते. परमवीरचक्र जिवंतपणी मिळालेले ते पहिले मानकरी.

सैनिकांना अधिकारी बनवणारे आर्मी कॅडेट कॉलेज १९६० पासून पुण्यात होते. १९७७ मध्ये ते डेहराडूनला हलवण्यात आले.